तिघांशी वेगवेगळं बोलणारी आई : एका कौटुंबिक प्रकरणाचा अभ्यास

या कुटुंबात आई ७४ वर्षांची, थोरला मुलगा ४९ चा, मुलगी ४६ ची आणि धाकटा ४१ चा. वडील जाऊन १२ वर्षं झाली. तिन्ही मुलांची लग्नं झालेली, नोकऱ्या स्थिर, घरं वेगळी. वर्षातून एकदा सगळे दोन दिवस आईच्या घरी जमतात. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. कोण कुणाशी काय बोललं याचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण या प्रकरणात शिकण्यासारखं जे आहे ते त्या क्रमातच आहे.

समुपदेशनाला आली ती मुलगी. त्या वर्षीच्या मेळाव्यातून परतल्यापासून तिची झोप उडाली होती, नवऱ्यावर आणि मुलांवर चिडचिड होत होती. इंटरनेटवर तिने पुष्कळ वाचलं होतं आणि आई 'नार्सिसिस्ट' (विकार म्हणावा इतकी आत्मकेंद्री) आहे याबद्दल तिच्या मनात शंका उरली नव्हती. तो शब्द आपण तूर्त बाजूला ठेवू, असं मी तिला सुचवलं. आत्मकेंद्री व्यक्तिमत्त्व विकारासाठी डीएसएम-५ या मनोविकारांच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत ९ निकष दिले आहेत. त्यांतले किमान ५ लागू पडावे लागतात, आणि ते पडतात का हे त्या माणसाला प्रत्यक्ष भेटून, तपासून ठरवायचं असतं. लेकीच्या सांगण्यावरून आईला विकार चिकटवणं हा आईवर अन्याय आहेच, पण लेकीलाही त्यातून काही मिळत नाही. एकदा दोष आईच्या मेंदूत आहे असं ठरलं, की त्या प्रसंगात बाकीच्यांनी काय केलं हे कुणी विचारत नाही.

वयाची शंका मात्र आधी फेडून घेतली. सत्तरी ओलांडलेला माणूस अलीकडेच हेकट, तापट किंवा ताळतंत्र सोडून बोलणारा झाला असेल, तर ते डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, लक्षण असू शकतं. मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागांना ग्रासणाऱ्या त्याच्या फ्रंटोटेम्पोरल प्रकारात तर बऱ्याचदा विसरण्याच्या आधी स्वभावच बदलतो. अशा वेळी समुपदेशकाआधी डॉक्टर गाठायचा. इथे तसं नव्हतं. आई पहिल्यापासून अशीच, यावर तिन्ही मुलांचं एकमत होतं, आणि त्यांचं एकमत असलेली गोष्ट बहुधा ही एकच होती.

जेवणाच्या टेबलावर

मेळाव्याच्या आधी पंधरा दिवस आईचे फोन सुरू होतात. तिघांना वेगवेगळे. थोरल्याला : "धाकट्याला सांग, या वेळी उशीर करू नकोस म्हणावं." मुलीला : "दादाची बायको हल्ली माझ्याशी तुटक बोलते, तुझ्या लक्षात आलंय का?" धाकट्याला : "ताईला तिच्या संसारापुढे कुणी दिसत नाही. तू तरी फोन करत जा." कोण कुठल्या खोलीत झोपणार, कुणाची मुलं कुणाबरोबर, निघायचं किती वाजता, हे सगळं आई ठरवते. याची कुणाला फारशी तक्रार नाही. घर तिचं आहे, आणि खोल्या कुणीतरी वाटायलाच हव्यात.

त्या वर्षी धाकट्याने नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय काढायचं मनाशी पक्कं केलं होतं. पहिल्या रात्री त्याने ते आईला सांगितलं, आणि "एवढ्यात कुणाला बोलू नकोस" असंही सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला बसेपर्यंत आई थांबली. मग म्हणाली, "ह्याने नोकरी सोडायचं ठरवलंय. दादाला विचारलंय का, विचारा त्याला. बायकोला तरी माहीत आहे की नाही कोण जाणे."

बायकोला माहीत होतं. पण ते तिला सगळ्यांसमोर सांगावं लागलं, आणि सांगताना तिचा आवाज चोरी पकडल्यासारखा आला. थोरल्याने ताटातली मान वर केली नाही. "आई म्हणतेय त्यात तथ्य आहे," एवढंच तो म्हणाला. मुलगी उसळली. "त्याचं आयुष्य आहे. तू कोण ठरवणारी?" आईने हातातला चमचा खाली ठेवला आणि छातीवर हात नेला. "बरोबर आहे. मी कोण? आज आहे, उद्या नाही. माझ्यामागे घाला काय घालायचा तो गोंधळ." थोरल्याची बायको पाणी आणायला धावली. थोरला बहिणीवर खेकसला, "झालं समाधान?" धाकटा ताट तसंच टाकून बाहेर गेला आणि तासाभरात बायकोमुलांना घेऊन निघून गेला. संध्याकाळी आई शांत होती. नातवंडांना घेऊन पत्ते खेळत बसली होती.

मुलीने हा प्रसंग मला सांगितला तो आईच्या क्रूरपणाचा पुरावा म्हणून. मी तिला कागद दिला आणि त्या पाच-सात मिनिटांत कोण कुणाशी बोललं, एवढंच लिहायला सांगितलं. काय बोललं ते नको, फक्त कोण आणि कुणाशी. लिहून झाल्यावर ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. विषय धाकट्याच्या नोकरीचा होता, आणि धाकट्याशी कुणीही बोललं नव्हतं. आई सगळ्यांशी त्याच्याबद्दल बोलली. थोरल्याने आईला दुजोरा दिला. बहीण त्याच्या वतीने आईशी भांडली. मग थोरला आईच्या वतीने बहिणीशी भांडला. "तू काय ठरवलंयस, का ठरवलंयस," हे एकेचाळीस वर्षांच्या त्या माणसाला कुणी विचारलं नाही, आणि तोही एक वाक्य न बोलता उठून गेला.

हे कसं चालू राहतं

कौटुंबिक उपचारपद्धतीच्या पायाभरणीत ज्यांचं नाव घेतलं जातं ते अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन (१९१३–१९९०) यांनी त्रिकोणाची कल्पना मांडली. दोन माणसांतला ताण त्या दोघांना पेलेनासा झाला की तिसरं माणूस ओढलं जातं, आणि मूळ दोघांना बरं वाटतं. ओढलेल्या तिसऱ्याला कसं वाटतं हा प्रश्न वेगळा. या घरात प्रत्येक त्रिकोणाचं एक टोक आई होती. थोरला आणि बहीण, बहीण आणि धाकटा, धाकटा आणि थोरला, या तिन्ही नात्यांतली बातमी, काळजी, राग, सगळं आईकडून जात होतं आणि आईकडून येताना बदलून येत होतं. दादाला स्वतःहून, आईचा विषय सोडून, शेवटचा फोन कधी केला होतास, असं मी मुलीला विचारलं. तिला आठवेना.

आईचा वरचष्मा म्हणजे आईचा आवाज, आईचा दरारा, असं मुलांना वाटत होतं. माझ्या मते तो या व्यवस्थेत होता. तीन मोठी, कर्ती माणसं एकमेकांशी सरळ बोलत नसतील, तर जी सगळ्यांशी बोलते तिच्या हातात घर जाणारच. मग ती कितीही मऊ स्वभावाची असो.

दुसरी गोष्ट शिकण्याच्या साध्या नियमांतली आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरल्ड पॅटरसन यांनी आक्रमक मुलांच्या घरांचं बारकाईने निरीक्षण करून १९८२ मध्ये जबरदस्तीच्या चक्राची मांडणी केली : एक जण ताण वाढवतो, दुसरा माघार घेतो, आणि माघारीने दोघांनाही तात्पुरती सुटका मिळते. वाढवणाऱ्याला हवं ते मिळालं, घेणाऱ्याचा त्रास थांबला. पुढच्या वेळी दोघंही तेच लवकर करतात. पॅटरसन लहान मुलांबद्दल बोलत होते, पण चक्र वयाला बांधलेलं नाही. आईचा हात छातीवर गेला की विषय बंद होतो, हे आईने हिशेब करून ठरवलेलं नसतं. ते तिच्या अंगवळणी पडलेलं असतं, आणि ते पाडण्यात तिन्ही मुलांचा तितकाच वाटा असतो. आईला ढोंगी म्हणायला मी म्हणूनच तयार नाही. तिला त्या क्षणी खरोखर धडधडत असतं.

मग प्रत्येक मुलाची एक ठरलेली जागा तयार होते. थोरला मान डोलावतो. मधली भांडते. धाकटा निघून जातो. मुलीला वाटत होतं, निदान मी तरी आईच्या कह्यात नाही. पण ती भांडायची ते ठरल्यासारखंच, आणि भांडण झालं की मूळ विषय मागे पडून ताईचा स्वभाव हाच विषय व्हायचा. धाकट्याला वाटायचं, अंतर ठेवलं की मोकळा. त्याची बायको मात्र सांगत होती की मेळाव्यानंतर महिनाभर तो रात्री उठून बसतो. लांब जाणं म्हणजे सुटणं नव्हे, हा बोवेन यांच्या मांडणीतला मुद्दा मला अशा घरांत फार वेळा पटला आहे.

आईचा इतिहास

कुटुंबाच्या तीन पिढ्यांचा आराखडा काढायला घेतला तेव्हा मुलीला आपल्या आईबद्दल किती थोडं माहीत आहे ते कळलं. आई पाच भावंडांत थोरली. ती १५ वर्षांची असताना तिचे वडील गेले, आणि चार धाकट्यांना वाढवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. तिने लक्ष काढलं असतं तर ते घर बुडालं असतं. ज्या मुलीने असं घर वाचवलं, तिला पुढे साठ वर्षं असंच वाटत राहिलं की मी हात काढला की सगळं कोसळेल. हे समजून घेणं म्हणजे तिच्या वागण्याला माफी देणं नाही. पण हे समजलं की राग थोडा बोथट होतो, आणि राग बोथट झाल्याशिवाय पुढचं काम होत नाही.

वडील शांत होते. त्यांच्याबद्दल तिघंही "बाबा कधी मध्ये पडले नाहीत" असं म्हणायचे. खोदून विचारल्यावर वेगळंच चित्र निघालं. आईचा बराचसा ताण बाबांवर यायचा. रात्री ती तासन् तास बोलायची आणि ते ऐकून घ्यायचे. ते या घरातला फ्यूज होते. ते गेल्यावर तोच दाब तिन्ही मुलांवर सरळ यायला लागला. आई अशीच होती हे खरं, पण मुलांना तिची झळ या १२ वर्षांतच जास्त लागली होती, आणि तिच्या एकटेपणाचा हिशेब कुणीही मांडला नव्हता.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. कौटुंबिक उपचारतज्ज्ञ साल्वादोर मिनुचिन यांनी एकमेकांत नको इतकं गुंतलेल्या कुटुंबांचं वर्णन केलं, आणि पुढे जवळीक असलेल्या कुठल्याही घराला तो शिक्का मारण्याची चूक बऱ्याच जणांनी केली. आईला रोज फोन करणं हा आजार नाही. चिदेम काअतचबाशी या तुर्की मानसशास्त्रज्ञ बाईंनी फार नेमकं दाखवलं की स्वतःचे निर्णय स्वतः घेणं आणि जवळ असणं या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. एक वाढवायला दुसरी कमी करावी लागत नाही. या तिघांना आई तोडायची नव्हती. तसं असतं तर दर वर्षी ते आलेच नसते. म्हणून "संबंध कमी करा" हा सल्ला इथे चुकीचा ठरला असता. जिथे मारहाण आहे, पैशांची लुबाडणूक आहे, सतत अवहेलना आहे, तिथे दूर होणं हाच उपाय असतो. हे घर त्यातलं नव्हतं.

काय बदललं

मुलीला मी पहिलं काम दिलं ते आईशी बोलण्याचं नाही. दादाला फोन करायचा आणि आईबद्दल एक अक्षर काढायचं नाही. तिला ते विचित्र वाटलं. पहिला फोन चार मिनिटांत आटपला. दोघांना बोलायला काही सापडेना. तिसऱ्या की चौथ्या वेळी थोरला आपणहून बोलला. बाबांच्या शेवटच्या आजारपणात आई त्याला म्हणाली होती, "आता तूच." तेव्हापासून रात्री नऊला तिचा फोन येतो, अर्धा-पाऊण तास चालतो, आणि त्याची बायको तोवर एकटी जेवून घेते. जेवणाच्या टेबलावर तो आईशी सहमत नव्हताच. दुजोरा दिला नाही तर पुढचे दोन महिने रोज रात्री नऊला काय ऐकावं लागेल हे त्याला माहीत होतं. त्याच्या लेखी बहीण म्हणजे दर वर्षी वादळ उठवून आपल्या घरी जाणारी. बहिणीच्या लेखी तो आईचा हस्तक. दोघांनीही हे एकमेकांना कधी विचारलं नव्हतं.

तिघांना एकत्र भेटायचं ठरलं तेव्हा थोरला अडून बसला. आईच्या पाठीमागे बैठक घेणं त्याला पटेना, आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं. गुपचूप झालेली एकी म्हणजे नवा त्रिकोण, फक्त या वेळी बाहेर आई. म्हणून अट घातली : आईसमोर बोलता येणार नाही असं इथे काही बोलायचं नाही, आईच्या तक्रारी करायच्या नाहीत, फक्त स्वतः काय करणार तेवढं सांगायचं. आणि भेट झाल्याचं आईला सांगायचं. थोरल्यानेच सांगितलं.

ठरलेल्या गोष्टी अगदी थोड्या होत्या. जो समोर नाही त्याच्याबद्दल आई बोलायला लागली, तर "हे तू त्याच्याशीच बोल, आई," एवढं एक वाक्य. आवाज न चढवता, आणि लगेच दुसऱ्या विषयावर जायचं. हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर म्हणून पाहिलं. मुलीच्या तोंडून ते दर वेळी टोमण्यासारखं यायचं, तिला त्याच्यावर खूप मेहनत घ्यावी लागली. दुसरं, कुणी कुणाच्या वतीने भांडायचं नाही. तिसरं तब्येतीबद्दल. आईला रक्तदाब आहे, गोळ्या चालू आहेत. या वयात छातीत दुखतंय म्हटलं की ते खरंच मानायचं, यात तडजोड नाही. तिच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं की कशाला थांबायचं, कशाला लगेच दवाखान्यात न्यायचं. पण तब्येतीची काळजी घेणं आणि निर्णय मागे घेणं ही दोन वेगळी कामं आहेत, हेही तिघांनी एकमेकांना सांगितलं.

असं काही बदललं की आधी बिघडतं. पूर्वी ज्याने काम व्हायचं ते होईनासं झालं की माणूस तेच आणखी जोराने करून पाहतो. आईने थोरल्याशी तीन आठवडे बोलणं टाकलं. तो रोज नऊला स्वतः फोन करायचा, ती उचलायची आणि गप्प राहायची. "बरं, उद्या करतो," म्हणून तो ठेवायचा. दुसऱ्या आठवड्यात तो मोडायला आला होता. तेव्हा त्याला धरून ठेवलं ते धाकट्याने, ज्याच्याशी तो वर्षानुवर्षं धड बोलला नव्हता.

पुढच्या मेळाव्यात आईने दुपारच्या जेवणालाच विषय काढला. "तुझा व्यवसाय चालणार नाही असं दादाच म्हणत होता." थोरल्याने या वेळी मान वर केली. "मला जे वाटतं ते मी त्याला सांगितलंय, आई." धाकटा म्हणाला, "हो, आमचं बोलणं झालंय. तुला काळजी वाटते ते कळतं मला. पण मी ठरवलंय." मुलगी काही बोलली नाही, आणि त्या दोन दिवसांतलं सगळ्यात अवघड काम तेच होतं असं ती नंतर म्हणाली. आईने छातीवर हात ठेवला. मागच्या वेळी पाणी आणायला धावलेल्या थोरल्याच्या बायकोने या वेळी रक्तदाबाचं यंत्र आणलं. आकडा तिच्या नेहमीच्यापेक्षा किंचित वर होता, डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेच्या आत. आईला आत नेऊन झोपवलं, थोरला उशाशी बसला, थोड्या वेळाने पुन्हा मोजलं. धाकटा कुठेही गेला नाही.

संध्याकाळी आई बाहेर आली आणि म्हणाली, "तुम्ही तिघं एक झालात. मी एकटी पडले."

या वाक्यासाठी कुणाची तयारी नव्हती. इतकी वर्षं खोल्या, नोकऱ्या, सुनांचे स्वर या सगळ्यांच्या आड जे होतं ते तिने पहिल्यांदा सरळ बोलून दाखवलं. धाकट्याने उत्तर दिलं, "मग तूही बस ना आमच्यात. फक्त जो नाही त्याच्याबद्दल नको बोलूस." आई काही न बोलता खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने धाकट्याला एकट्याला बोलावलं आणि भांडवल किती, कर्ज किती, असं विचारत बसली. बोलता बोलता सांगितलं की तिच्या पाठच्या भावाचा व्यवसाय बुडाला होता आणि ते कर्ज तिने लग्नाआधी आपल्या पगारातून फेडलं होतं. घरात ही गोष्ट कुणालाच माहीत नव्हती.

आई बदलली असं मी लिहिणार नाही. फोनवर ती आजही एकाजवळ दुसऱ्याचं काढते. मुलगी आजही कधीकधी पेटते. धाकट्याची बायको त्या मेळाव्याला आली, पण आईशी जेवढ्यास तेवढंच बोलली, आणि त्यासाठी तिला दोष देता येणार नाही. फरक पडला तो भावंडांत. थोरल्याचे रात्रीचे फोन आता पंधरा-वीस मिनिटांत संपतात, आणि आठवड्यातून दोनदा आई मुलीशी बोलते, एकदा धाकट्याशी. एकट्याने वाहिलेला भार तिघांत वाटला गेला आहे.

सध्याचा प्रश्न वेगळा आहे. आईचे गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत, आणि पुढची वर्षं तिने कुठे राहायचं हे ठरायचं आहे. थोरला गृहीत धरून चालला आहे की आई त्याच्याकडे येणार, आणि त्याच्या बायकोला हे कुणी विचारलेलं नाही. मागच्या आठवड्यात आईने मुलीला सांगितलं, "मी दादाकडे जाणार नाही. पण त्याला हे बोलू नकोस." मुलीने ठरलेलं वाक्य म्हटलं, या वेळी टोमण्याशिवाय. आईने दादाला अजून सांगितलेलं नाही. मुलीनेही नाही. पुढच्या भेटीला थोरला आणि त्याची बायको दोघं येणार आहेत.